‘तू कुठला बे?’ : खानापूर-हल्याळच्या सिद्दींमागचा इतिहास

खानापूरची शाळा असो, बेळगावचं कॉलेज असो की हल्याळचं बसस्टँड, सिद्दी पोराला, म्हणजे इथल्याच आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या मुलाला, हा प्रश्न ठरलेला. आधी ‘तू कुठला बे?’ त्याने गावाचं नाव सांगितलं की लगेच, ‘ते कळलं रे, मूळचा कुठला?’ पोरगं मराठीत, कोकणीत नाहीतर कानडीत, म्हणजे विचारणाऱ्याच्याच भाषेत बोलत असतं, तरी समोरच्याचं समाधान होत नाही. कुरळे केस आणि रंग बघूनच त्याने उत्तर आधी ठरवून टाकलेलं असतं. आयपीएलचे दिवस असले तर वेस्ट इंडीजच्या कुठल्या तरी खेळाडूचं नाव त्याला वर्गात कायमचं चिकटतं. पुढे तोच मुलगा कामासाठी बंगळूरला गेला की घरमालक आधार कार्डाच्या आधी पासपोर्ट विचारतो.

सीमाभागातल्या मराठी माणसाला हे दुखणं खरं तर ओळखीचं असायला हवं. पुण्यात गेलो की आपल्या बोलण्यावरून ‘तुम्ही कानडी का?’ आणि बंगळूरला गेलो की आडनावावरून ‘महाराष्ट्रातले का?’ १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून त्या तारखेला आपण काळा दिन पाळतो आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. आपण कोण, हे सांगण्यात इथल्या तीन पिढ्या गेल्या. तरी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या शेजाऱ्याला ‘मूळचा कुठला’ असं विचारताना आपली जीभ अडखळत नाही. तो मूळचा कुठला आणि इथला कधीपासूनचा, हे एकदा नीट सांगायला हवं.

सिद्दींची वस्ती मुख्यतः उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, जोयडा हे त्यांचे तालुके. त्याला लागून बेळगाव जिल्ह्यातला खानापूर आणि धारवाड जिल्ह्यातला कलघटगी. नकाशावर हे तीन जिल्हे दिसतात, पण जंगल एकच आहे आणि सोयरिकीही त्या जंगलातल्याच.

ते इथे आले त्याला मुख्य कारण गोवा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिककडून, माणसं गुलाम म्हणून जहाजात भरून आणली जाऊ लागली. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. तिथल्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरैतावर, बाजाराच्या वेळी इतर मालाबरोबर माणसांचाही लिलाव होत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. हा व्यापार अडीच-तीनशे वर्षं चालला. त्यातले जे पळाले, ते घाट चढून वर आले. अनमोड, तिनई घाट ओलांडला की पुढे जोयडा-खानापूरचं दाट रान लागतं. पोर्तुगीज अंमल घाटाखाली संपत होता आणि रानात शोधायला कुणी येत नव्हतं. पोर्तुगीजांनी गुलामगिरी कायद्याने रद्द केली ती १८६९ मध्ये, आणि पूर्ण मोकळीक मिळायला १८७८ उजाडलं. तोवर घाटमाथ्यावर सिद्दींच्या वाड्या वसून गेल्या होत्या. मुंबई सरकारने १८८३ साली छापलेल्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. बेळगाव म्हैसूर राज्यात जाण्याच्या त्र्याहत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. ‘आमची चार पिढ्यांची शेती इथे आहे’ असं आपण अभिमानाने सांगतो, तेवढंच तेही सांगू शकतात. शेती मात्र बहुतेक दुसऱ्याची, कारण सुपारीच्या बागांत आणि लाकूडतोडीवर मजुरी करण्यातच त्यांच्या कैक पिढ्या गेल्या.

आता आपल्याकडची अडचण. मराठी घरात ‘सिद्दी’ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, जंजिरा आणि सिद्दी जौहर. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा, भर पावसातली ती सुटका, बाजीप्रभू. हे सगळं पोवाड्यांतून, आजीच्या गोष्टींतून आणि शिवजयंतीतून कानावर पडलेलं असतं. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात निघते आणि तिचे चित्ररथ बघायला आसपासची गावंच्या गावं रात्रभर रस्त्यावर असतात. पन्हाळ्याचा देखावा म्हटला की त्यात तोंडाला काळं फासलेला, डोळे वटारलेला सिद्दी जौहर आलाच. दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं बाकावरच्या सिद्दी मुलाकडे बघून काय म्हणत असतील, ते वेगळं सांगायला नको.

वास्तविक जौहर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी आणि खानापूरच्या रानातले सिद्दी यांचा इतिहास वेगळा. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांत आलेले हबशी बहुतेक आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. लढाईच्या जोरावर ते सरदार झाले, कुणी वजीर झाले. विजापुरात महंमद आदिलशहाच्या दरबारात इखलास खान होता. त्याआधी निजामशाहीत मलिक अंबर होता, ज्याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. शहाजीराजे त्याच्या बाजूने १६२४ मध्ये भातवडीला लढले. या लोकांनी किल्ले आणि जहागिरी सांभाळल्या. जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. घाटावरच्या सिद्दींच्या पूर्वजांतले काही विजापूरच्या बाजूनेही आले असतील, पण बहुतेकांची वाट गोव्यातून गुलामगिरीची. एकाच नावामुळे लिलावातून पळालेल्या माणसाच्या पणतूला आपण किल्लेदाराचा वारस करून टाकलं आणि वर त्याच्याकडून पन्हाळ्याचा हिशेबही मागतो.

शिवाय त्या हिशेबात एक नाव आपण सोयीने विसरतो, सिद्दी हिलाल. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेतोजी पालकर बाहेरून चालून आला, तेव्हा त्याच्याबरोबर महाराजांच्या बाजूने लढणारा हा सिद्दी होता आणि त्या झटापटीत त्याचा मुलगा शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे एकाच वेढ्यात दोन्ही बाजूंना सिद्दी. चित्ररथावर मात्र एकच चढतो.

कानडी बाजूला गेलं की चित्र पालटतं. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. नंदगड खानापूर तालुक्यातच आहे. त्या रायण्णाचा जिवाभावाचा साथीदार म्हणून कानडी लोकपरंपरा गजवीराचं नाव घेते आणि हा गजवीर सिद्दी होता असं सांगते. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या सिद्दी मुलाला कानडी गाण्यात वीर म्हणून जागा आहे आणि मराठी देखाव्यात खलनायक म्हणून. यात सीमावादाचं राजकारण शिरायला वेळ लागत नाही, म्हणून एवढंच म्हणतो की कमीपणा आपल्या बाजूला आहे.

सिद्दींच्या स्वतःच्या घरात डोकावलं तर धर्म तीन. यल्लापूर-अंकोल्याकडे हिंदू जास्त, हल्याळ-मुंडगोडकडे ख्रिस्ती आणि मुसलमान. ख्रिस्ती घरांत जुजे, मिंगेल अशी गोव्याच्या वळणाची नावं, मुसलमान घरांत उर्दू आणि हिंदू घरांत गावच्या देवाची जत्रा. पण आडनावाच्या जागी बरेच जण ‘सिद्दी’च लावतात. ‘हिरियारू’ म्हणजे घरातल्या पूर्वजांची पूजा महानवमीच्या सुमाराला होते आणि ती धर्माच्या भिंती फारशा मानत नाही. डमाम वाजवून नाचणं, बायकांची फुगडी हेही सगळ्यांचं. फुगडी आपलीही आहेच, आणि इथे कुणी कुणाकडून काय घेतलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. आपल्याकडच्या गोधडीपेक्षा तिची रीत जरा निराळी. शिवण कडेने सुरू होते आणि फेऱ्या मारत मारत आत सरकत मध्यावर येऊन संपते. जुन्या साडीचा मोठा तुकडा खाली अंथरायचा, त्यावर ठिगळं बसवत जायचं आणि जाड धाग्याचे टाके दिसतील असेच घालायचे. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाच्या त्रिकोणांची फुलं लावायची. ही फुलं नसली तर कवंदी उघडी वाटते, पूर्ण झाली असं कुणी मानत नाही. काही घरांत मध्यावर, म्हणजे कवंदीच्या पोटात, चार दाणे तांदूळही ठेवतात. अलीकडे याच कवंदी शहरांतल्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगलेल्या दिसतात. हल्याळच्या ओसरीवर अजून त्या अंगावर घ्यायच्याच असतात.

बाहेरच्या जगाने सिद्दींकडे बघितलं ते बहुधा शरीर म्हणून. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजना सुरू केली, तेव्हा मार्गारेट अल्वा केंद्रात क्रीडा राज्यमंत्री होत्या. आफ्रिकी वंशाची मुलं म्हणजे धावण्यात जन्मजात पुढे, तेव्हा त्यांना हेरून शिकवलं की पदकं मिळतील, असा सरळ हिशेब. गावागावांतून मुलं निवडून वसतिगृहात नेली. काही जण खरोखर चमकले, राष्ट्रीय पातळीवर पोचले, काहींना पुढे खेळाच्या कोट्यातून नोकऱ्या लागल्या. पण १९९३ मध्ये योजना गुंडाळली आणि अर्धवट शिकलेली पोरं घरी परतली. त्या योजनेने काही घरांचं भलं केलं हे खरं. पण ‘तुम्ही आफ्रिकन, म्हणून तुम्ही पळणार’ हे वाक्य तिने सरकारी करून टाकलं. ज्याला पळायचं नव्हतं, ज्याला गणित किंवा नाटक आवडत होतं, त्या सिद्दी मुलाला त्यानंतर शाळेत आणखी एक टोमणा मिळाला: सिद्दी असून पळता येत नाही?

कागदावरची ओळख त्याहून उशिरा आली. २००३ मध्ये सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला, पण पुढे कंस होता, फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. हल्याळातला सिद्दी अनुसूचित जमातीचा आणि शिवेपलीकडे खानापुरातला त्याचा चुलतभाऊ कशातच नाही. एकाच घराण्यातल्या एका मुलाला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह, दुसऱ्याला फीचं चलन. १९५६ पूर्वी हे दोन्ही तालुके मुंबई राज्यात होते, त्या दिवशी दोन्ही एकदमच म्हैसूरकडे गेले, पण जिल्ह्याची रेघ या समाजाच्या मधोमध राहिली. ही चूक दुरुस्त व्हायला सतरा वर्षं गेली. डिसेंबर २०१९ मध्ये राज्यसभेत आणि फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मंजूर झालं आणि बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतले सिद्दीही यादीत आले. त्याच वर्षी जुलैमध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नेमणूक झाली. या समाजातले ते पहिले आमदार. अधिवेशनासाठी ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात बसू लागले. या इमारतीवरून आपल्याकडे किती रान पेटलं होतं ते वाचकांना आठवत असेलच. पण तिथून तासाभराच्या अंतरावरच्या वाड्यांना पहिल्यांदाच सभागृहात आपला माणूस दिसला.

दाखला मिळू लागला तसा जुना प्रश्न नव्या तोंडातून आला. आता तो सिद्दींच्या आतूनही येतो. ज्या मुलाची आई सिद्दी नाही, ज्याचे केस सरळ आहेत किंवा रंग उजळ आहे, त्याला त्याचेच मित्र म्हणतात, ‘तू कसला सिद्दी?’ बाहेर तो जास्त आफ्रिकन ठरतो आणि घरात कमी सिद्दी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने यावर बऱ्यापैकी उजेड टाकला. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांपैकी, आणि भारतीय रक्ताची मिसळ मुख्यतः गेल्या दोनेकशे वर्षांतली, असं त्यात दिसलं. म्हणजे सरळ केसांचा सिद्दी ही काही या पिढीची नवलाई नाही. रानात आल्यापासून हे मिसळणं चालू आहे.

तहसीलदार कचेरीत दाखल्यासाठी केस बघत नाहीत, वंशावळ बघतात. अनुसूचित जातींना असते तशी धर्माची अट अनुसूचित जमातींना नाही, त्यामुळे जुजे, इब्राहिम आणि परशुराम अशा तीन घरांतल्या तिघांना एकच दाखला मिळतो. खरी रखडपट्टी होते ती कागदांवर: आजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात कसं लिहिलंय, तिथे जातीच्या जागी धर्मच लिहून ठेवलाय का, आजी लग्न होऊन हल्याळहून खानापुरात आली त्याचा पुरावा काय. या चकरा मारून मारून सिद्दी पोरांना आपली तीन-चार पिढ्यांची नावं, गावं आणि सोयरिकी तोंडपाठ झालेल्या असतात. ‘मूळचा कुठला?’ असं विचारणाऱ्याला ती आता सगळी यादीच ऐकवतात, आणि मग सहज विचारतात, ‘तुझा पणजोबा कुठला रे?’ आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही.