कवके, शैवाले आणि आदिजीव एका प्रकरणात कसे आले

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत जिवाणू आणि विषाणू झाले की उरलेल्या तिघांची पाळी येते: कवके (बुरशी आणि तिचे भाऊबंद), शैवाले आणि आदिजीव (अमीबासारखे एकपेशीय जीव). तिघांच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असते हे खरे, पण तसे ते आपल्याही पेशीत असते. नात्याने हे तिघे एकमेकांचे फारसे कोणी लागत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकत्र दिसले आणि वर्गीकरणात धड जागा सापडली नाही म्हणून एकत्र राहिले. विद्यार्थ्याला हे आधी कळले, तर या प्रकरणातले निम्मे पाठांतर वाचेल असे मला मनापासून वाटते.

सुरुवात एका कुपीपासून करावी लागते. डेल्फ्टचा कापड व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने सप्टेंबर १६७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. गावापासून दोनेक तासांच्या वाटेवर एक तळे होते. उन्हाळ्यात त्याचे पाणी पांढुरके होई, वर हिरवट ढग तरंगत, आणि लोक त्याचा दोष दवाला देत. त्याने ते पाणी काचेच्या कुपीत भरून आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. केसाएवढ्या जाडीचे धागे, आणि त्यांच्यात सापासारखे वळसे घेत गेलेले हिरवे पट्टे. दारू गाळणाऱ्यांकडे अर्क थंड करायची तांब्याची नळी असते तशी ही गुंडाळी, असे त्याने लिहिले. आज स्पायरोगायरा हे शैवाल पाहणाऱ्याला हे वर्णन लगेच ओळखू येते. तो पट्टा म्हणजे त्या शैवालाचे हरितलवक, पेशीतला हरितद्रव्य असलेला भाग. त्याच पाण्यात वर-खाली, गोल फिरणारे चिमुकले जीवही त्याला दिसले. शैवाल आणि आदिजीव असे एकाच कुपीतून पुढे आले.

बुरशी त्याआधीच दिसली होती. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये चामड्यावर वाढलेल्या बुरशीचे चित्र छापले: बारीक देठ, वर गोल डोकी. त्यात बी काही सापडेना, म्हणून ती कुजण्यातून आपोआप उपजत असावी असे त्याला वाटले. हा समज मोडायला सहा दशके लागली. फ्लॉरेन्सच्या पिएर अंतोनिओ मिकेली याने बुरशीचे बीजाणू, म्हणजे बीसारखे सूक्ष्म कण, गोळा करून खरबुजाच्या ताज्या फोडींवर पेरले. ज्या जातीचे बीजाणू, त्याच जातीची बुरशी उगवली. नव्या बुरशीचे बीजाणू घेऊन त्याने पुन्हा पेरले, पुन्हा तेच. १७२९ च्या त्याच्या ग्रंथात हे आहे. अशा साध्या प्रयोगाने एवढे मोठे उत्तर मिळाल्याची उदाहरणे विज्ञानात थोडीच. ॲस्परजिलस हे नावही त्याचेच. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा त्या बुरशीचा आकार त्याला दिसला.

पुढे सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीयसच्या काळात सजीवांना दोनच घरे होती, वनस्पती आणि प्राणी. कवके एका जागी रुजून राहतात म्हणून वनस्पतींत गेली, शैवाले हिरवी म्हणून तिथेच. पाण्यातल्या कित्येक सूक्ष्म जीवांसाठी लिनीयसने १७६७ मध्ये ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, या नावाची प्रजातीच करून ठेवली. गोल्डफुसने १८१८ मध्ये ‘प्रोटोझोआ’, पहिले प्राणी, हा शब्द काढला, पण त्यात प्रवाळही होते. तो एकपेशीय जीवांपुरता मर्यादित केला फॉन झीबोल्डने, १८४५ मध्ये. मग युग्लीना या एकपेशीय जीवाचे काय? ती हरितद्रव्यावर अन्न तयार करते आणि कशाभिका, म्हणजे चाबकासारखा धागा, हलवत पोहतेही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आपली म्हटले, प्राणिशास्त्रज्ञांनीही. हेकेलने १८६६ मध्ये ‘प्रोटिस्टा’ हे तिसरे घर बांधले ते याच कोंडीतून.

कवकांकडे गांभीर्याने पाहायला लावले ते रोगांनी. लोदीच्या अगोस्तिनो बास्सीने १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा मस्कार्डीन रोग एका बुरशीमुळे होतो हे दाखवले. पाश्चर आणि कॉख यांच्या कामाच्या कितीतरी आधी. दहाच वर्षांनी आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. पानांवरची पांढरी बुरशी कुजण्याचे कारण की परिणाम, यावर वाद पेटला. ती कारणच आहे असे बर्कली या पाद्र्याने १८४६ मध्ये ठामपणे मांडले आणि १८६१ मध्ये द बारीने ते प्रयोगाने सिद्ध केले. गंमत अशी की करप्याचा हा जीव, फायटॉफ्थोरा, आता कवकांत मोडतच नाही. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकॅनची, कवकांसारखी कायटिनची नाही, आणि त्याचे नाते तपकिरी शैवालांशी.

कवकांना स्वतःची सृष्टी, म्हणजे वर्गीकरणातले स्वतंत्र मोठे घर, मिळाली ती १९६९ मध्ये, व्हिटेकरच्या पंचसृष्टी पद्धतीत. त्याचा निकष मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो: जीव खातो कसा? वनस्पती अन्न तयार करते, प्राणी गिळतो, कवक शोषते. कवकतंतू आपली विकरे बाहेर सोडतात, अन्न बाहेरच विरघळते आणि मग आत घेतले जाते. तंतूंचे दाट जाळे, त्याचा प्रचंड पृष्ठभाग, कुजणाऱ्या वस्तूत खोल शिरणे, हे सगळे या एका सवयीतून समजते. १९९३ मध्ये रेणूंच्या तुलनेतून कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची निघाली. बुरशीच्या संसर्गावर औषध शोधणे अवघड का, याचे एक उत्तर इथे आहे: शत्रूची पेशी आपल्या पेशीसारखी. म्हणून बरीच औषधे कवकांच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या मेदद्रव्यावर नेम धरतात, कारण आपल्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते.

न्यूमोसिस्टिस या फुप्फुसात न्यूमोनिया करणाऱ्या सूक्ष्मजीवाची कथा याला जोडूनच सांगायला हवी. १९०९ मध्ये कार्लोस शागासने तो पाहिला तो ट्रिपॅनोसोमा या परजीवी आदिजीवाची अवस्था समजून, आणि पुढे अनेक दशके तो आदिजीव म्हणून शिकवला गेला. जून १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली ती याच न्यूमोनियाच्या पाच रुग्णांवरून. १९८८ मध्ये त्याचा आरएनए तपासला तेव्हा तो कवक ठरला. त्याच्या पटलात अर्गोस्टेरॉल जवळपास नसते, त्यामुळे अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध त्याच्यावर चालत नाही.

शैवालांचे घर तर पार फुटले. नील-हरित शैवाले जिवाणूंत गेली, हिरवी वनस्पतींची सख्खी ठरली, तपकिरी शैवाले आणि डायटम नावाची एकपेशीय शैवाले दूर वेगळ्याच शाखेवर. आदिजीवांत अमीबा, पॅरामेशियम आणि ट्रिपॅनोसोमाही तसेच पांगले. १८८० मध्ये लाव्हरानने अल्जीरियात सैनिकाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. त्याच्या पेशीत चार पटलांचे एक रंगहीन लवक (हरितलवकाच्याच कुळातला पेशीभाग) असते, हे शंभरहून अधिक वर्षांनी उमगले. कधीकाळी त्याच्या पूर्वजाने एक लाल शैवाल पोटात घेतले होते आणि त्या शैवालातले लवक मुळात एक जिवाणू होते. प्रकाशसंश्लेषण केव्हाच संपले, लवक राहिले. आणि जिवाणूंवरचे डॉक्सिसायक्लीन मलेरियावर चालते ते त्याच्यामुळे.