शहराला कोटींचा निधी आणि खड्ड्याला पैसे नाहीत: भांडवली आणि महसुली यांतला फरक

चौकात फ्लेक्स लागतो: अमुक योजनेतून शहरासाठी इतके कोटी मंजूर. खाली हात जोडलेले सात-आठ चेहरे. ज्या खांबाला तो फ्लेक्स बांधलाय त्यावरचा दिवा मात्र महिनाभर बंद. तक्रार घेऊन नगरपरिषदेत गेलं की विद्युत विभागातला माणूस सांगतो, "साहित्य नाही, पैसे नाहीत." ऐकणारा मनात म्हणतो, मग कोटी गेले कुठे? खाल्ले असणार. कधी कधी खाल्लेलेही असतात, पण तो वेगळा विषय. अगदी स्वच्छ कारभाराच्या गावातही या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. फ्लेक्सवरचा पैसा भांडवली असतो आणि दिव्याला लागणारा महसुली. योजनेचा निधी ज्या कामासाठी आला त्याच कामावर टाकावा लागतो. त्यातून दिव्याची फिटिंग घेतली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि उत्तर मुख्याधिकाऱ्याला द्यावं लागतं.

इथे बोलतोय ते महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांबद्दल, म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालणाऱ्या शहरांबद्दल. लोकसंख्या एक लाखावर असली तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब', त्याखाली 'क'. महापालिकांचे कायदे आणि उत्पन्नाची साधनं वेगळी आहेत, त्यांचा हिशेब इथे लावू नये.

ज्यातून नवीन काहीतरी उभं राहतं आणि ते पुढे बरीच वर्षं टिकणार असतं, तो खर्च भांडवली. जलशुद्धीकरण केंद्र, सिमेंटचा रस्ता, नाट्यगृह, घंटागाडी. जे आहे ते चालू ठेवायला लागतो तो महसुली. पगार, निवृत्तिवेतन, पंपाचं वीजबिल, तुरटी आणि पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, घंटागाडीचं डिझेल, गळती काढणं, गटार उपसणं. भांडवली कामाला भूमिपूजन असतं, लोकार्पण असतं. व्हॉल्व्हमन पहाटे चारला जाऊन व्हॉल्व्ह फिरवतो त्याचं लोकार्पण कुणी करत नाही.

पैसा येतो तोही वेगवेगळ्या वाटांनी. भांडवली बाजूला नगरोत्थान, अमृत, स्वच्छ भारत या राज्याच्या आणि केंद्राच्या योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी. बरेचदा नगरपरिषदेला त्यात स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, पण शहर जितकं लहान तितका तो कमी. २००५ साली लहान-मध्यम शहरांसाठी आलेल्या केंद्राच्या योजनेत ८० टक्के केंद्र, १० टक्के राज्य आणि १० टक्के नगरपरिषद अशी वाटणी होती. दहा रुपयांत शंभराचं काम मिळत असेल तर नको कोण म्हणेल? महसुली बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी आणि राज्याचं सहायक अनुदान. हे अनुदान जकातीच्या बदल्यातलं. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि रोजचा रोख पैसा देणारं हक्काचं साधन हातातून गेलं. म्हणजे सगळं अनुदान भांडवलीच असतं असं नाही; पण सहायक अनुदानातला मोठा भाग पगारावरच जातो.

वित्त आयोगाचा पैसा दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी लहान शहरांच्या अनुदानाचे ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकले. उरलेले ४० टक्के मोकळे, पण पगार आणि आस्थापना खर्चाला त्यातला एक रुपया लावायचा नव्हता. शिवाय मालमत्ता कराचे किमान दर राज्याने जाहीर करणं आणि करवसुली राज्याच्या आर्थिक वाढीच्या बरोबरीने वाढणं, या अटी अनुदानाआधीच्या. दिल्लीहून पैसा हवा असेल तर आधी आपल्या गल्लीतली घरपट्टी वसूल करा, असा त्याचा सरळ अर्थ.

आता मुद्द्याचं. प्रत्येक भांडवली काम स्वतःमागे कायमचा महसुली खर्च घेऊन येतं. म्हैस बक्षीस मिळाली तरी वैरण घरचीच लागते. पन्नास हजार वस्तीचं शहर धरा. माणशी रोज १३५ लिटर या मानकाने दिवसाला ६७ लाख ५० हजार लिटर पाणी लागतं. धरणाखालच्या जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, टेकडीवरच्या टाकीपर्यंत ते ६० मीटर उचलायचं असेल आणि पंप-मोटरची कार्यक्षमता ६५ टक्के असेल, तर लाख लिटरला सुमारे २५ युनिट वीज लागते. दिवसाला सतराशेच्या आसपास, वर्षाला सहा लाख युनिटांवर. ही फक्त उचलण्याची वीज. नळीतलं घर्षण आणि गळती यात धरलेली नाही. शंभर लिटरमधले तीस वाटेत गळत असतील तर त्या तीस लिटरचंही बिल महावितरणला भरावंच लागतं.

जॅकवेल, पंप, टाकी, जलवाहिनी, सगळं योजनेतून होतं. ते चालवायचा खर्च योजना देत नाही. २०१५ च्या अमृत योजनेत हे स्पष्ट लिहिलेलं होतं: प्रकल्पात किमान पाच वर्षांच्या देखभालीची तजवीज दाखवायची, ती पाणीपट्टीसारख्या उत्पन्नातून भागवायची, आणि केंद्राचा वाटा काढताना मात्र देखभालीचा खर्च धरायचा नाही. कागदावर तजवीज दाखवली जाते. पाणीपट्टी वाढवायचा विषय सभेत आला की तो तहकूब होतो. मग पंप जळला की दुरुस्तीला पैसे नसतात आणि बायका हंडे घेऊन मोर्चा काढतात. केंद्र सरकारच्या २००८ च्या सेवा-मानकांत पाणीपुरवठ्याचा चालू खर्च १०० टक्के वसूल व्हावा असं उद्दिष्ट आहे. लहान शहरात ते वाचून हसू येतं.

दिव्याचं गणित त्यामानाने सोपं. २४ वॅटचा एलईडी रात्री ११ तास जळला तर वर्षाला ९६ युनिट. तीन हजार दिवे म्हणजे जवळजवळ तीन लाख युनिट, आणि वर दिव्यातला ड्रायव्हर (वीज नियंत्रित करणारा भाग) उडणं, वायर तुटणं, शिडीची गाडी, वायरमनचा पगार. नव्या कॉलनीत खांब उभे करून देणारा आमदार निधी यातलं काहीच देत नाही.

खरा घोळ रस्त्यात आहे, कारण तिथे एकच काम दोन्ही बाजूंना बसवता येतं. खड्डा बुजवणं महसुली. अख्ख्या रस्त्यावर नवीन थर टाकून आयुष्य वाढवणं भांडवली. या रेषेचा परिणाम काय होतो बघा. डांबराचा शत्रू पाणी. पृष्ठभागाला बारीक भेग पडते, पावसाचं पाणी आत जातं, खालचा खडीचा थर मोकळा होतो, वरून टँकर गेला की डांबर खचतं. भेग असतानाच भरली तर काम एका दिवसाचं आणि खर्च किरकोळ. पण तो खर्च स्वनिधीतून, म्हणजे नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करायचा आणि स्वनिधी पगारात संपलेला. तोच रस्ता दोन-तीन पावसाळे तसाच राहू दिला की पूर्ण उखडतो, 'नूतनीकरणाचा' प्रस्ताव तयार होतो, निधी येतो, नारळ फुटतो. कुणी ठरवून वाईट वागलं नाही तरी या रचनेत रस्ता सांभाळण्यापेक्षा तो मरू देणं नगरपरिषदेला स्वस्त पडतं. एकूण जनतेला अर्थातच महाग पडतं, पण तो पैसा या गावच्या वहीत दिसत नाही.

याचा माग जुन्या पेठांत डोळ्यांनी दिसतो. थरावर थर चढून रस्ता इतका वर आलेला असतो की घराचे उंबरे खाली गेलेत, पावसात ओटीवर पाणी येऊ नये म्हणून लोकांनी दारात विटांची आडवी रांग बांधलीय. शेजारचं गटार मात्र जुन्याच पातळीला, आणि त्यावर ढापा टाकायचा विषय कुठल्याच योजनेत बसत नाही.

ग्रामीण रस्त्यांच्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत यावर एक साधा उपाय केला आहे. रस्ता बांधणाऱ्यानेच पाच वर्षं देखभाल करायची, ती करारातच. शहरी कामांत त्याच्या जवळचं म्हणजे दोषदायित्व कालावधी: ठरावीक वर्षांत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, तोवर त्याची सुरक्षा अनामत रोखून ठेवायची. पण यात कामातल्या दोषांची दुरुस्ती येते. झाडलोट, गटार, दिवे येत नाहीत. आणि तो कालावधी कधी संपतो हे विचारणारे नागरिक फार थोडे.

घरपट्टीबद्दलचे दोन गैरसमज इथेच निघतात. पहिला, "मी घरपट्टी भरतो, मग माझा रस्ता का होत नाही?" घरपट्टीतून नवा रस्ता सहसा होतच नाही, तिच्यातून झालेला रस्ता झाडला जातो. नगरपरिषदांत रूढ पद्धतीने घराचं वार्षिक भाडं किती येऊ शकेल ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात आणि त्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर लावतात. महिना हजार रुपये भाडं धरलं तर वर्षाचे १२,०००, वजा जाता १०,८००, आणि सगळे स्थानिक कर मिळून २५ टक्के धरले तर कर २,७०० रुपये. (घरमालकाला घराची डागडुजी करावी लागते हे कायदा मान्य करून दहा टक्के सोडतो. नगरपरिषदेने आपल्या रस्त्यांसाठी असे दहा टक्के बाजूला काढावेत, असा दंडक असता तर बरं झालं असतं.) अशा पन्नास घरांच्या गल्लीतून वर्षाला १ लाख ३५ हजार येतात, तेही सगळ्यांनी भरले तर. एका कायम सफाई कामगाराचा वर्षभराचा पगारही यातून सुटत नाही.

दुसरा गैरसमज, बिलावरची सगळी रक्कम नगरपरिषदेची. तसं नाही. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मालमत्तेवरचा रोजगार हमी कर नगरपरिषद वसूल करते आणि राज्याकडे भरते; १९६२ च्या कायद्यानुसार ते राज्याचेच कर आहेत. वृक्ष कर गावात राहतो. थकबाकीवर महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती लागते. तरीही वसुली मार्चअखेरीला बँड लावून करावी लागते.

कर आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते, तिलाच चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. कलम ११९ च्या नोटिसा घरोघर आल्या की हरकतींचा पाऊस पडतो आणि निवडणूक जवळ असेल तर विषय लांबतो. मधल्या काळात वीज महाग होते, डिझेल महाग होतं, वेतन आयोग लागू होतो. भाडेमूल्य मात्र जुनंच. शहरात नवनवीन सार्वजनिक मालमत्ता उभ्या राहत असतात आणि त्या चालवायचा पैसा आटत असतो.

लहान गावाला हे जमतच नाही असंही नाही. कराडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं ते मीटर बसवून, जास्त वापराला चढा दर लावून. म्हणजे भांडवली योजनेला महसुली बाजू आधीच जोडून. बारा-एक हजार वस्तीच्या वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करायला लावला आणि जिथे ढीग होता तिथे लोक सहलीला यायला लागले. तिथली यंत्रं अनुदानातून मिळण्यासारखीच होती. अवघड होतं ते रोज वर्गीकरण करून घेणं, आणि ते सगळं महसुली बाजूचं काम.

आपल्या गावाचं कळायचं असेल तर अर्थसंकल्पाची एकूण रक्कम सोडून द्या. 'इतक्या कोटींचा शिलकी अर्थसंकल्प' या बातमीत योजनांचा न खर्चलेला पैसाही मिसळलेला असतो. महसुली जमा किती, त्यातली स्वतःची वसुली किती, आणि त्यातून पगार वजा जाता दुरुस्तीला काय उरतं, एवढे तीन आकडे पुरतात. २००४ च्या राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिकेने दुहेरी नोंद पद्धत आणली तेव्हापासून घसारा, म्हणजे मालमत्तेची वर्षागणिक होणारी झीजही, दाखवायचा असतो. तो हिशेबात लिहिला जातो. त्यापोटी रोख रक्कम बाजूला ठेवली जाईल असं मात्र नाही.

खड्ड्याचा अर्ज करताना 'रस्ता खराब आहे' एवढंच लिहू नये. कामाच्या फलकावरून कामाचं नाव, ठेकेदार आणि पूर्णत्वाची तारीख उतरवून घ्यावी, दोषदायित्व कालावधी चालू आहे का ते त्याच अर्जात विचारावं. चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराची आणि निधी नाही हे उत्तर तिथे लागू पडत नाही. संपला असेल, तर देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षात या वर्षी किती तरतूद होती आणि किती शिल्लक आहे, हा पुढचा प्रश्न.