अपघात विभागातील पोर्टेबल सोनोग्राफी मशीनची नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडतो

वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचते, चोवीस तास उलटून गेल्यावर ते वाचण्याची आशा फारच थोडी राहते. गुहागर किंवा देवगडकडच्या एखाद्या वाडीतला चौदा वर्षांचा मुलगा लाजेपोटी आधी फक्त ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो, घरात ओवा-हिंग देऊन पाहिले जाते, आणि भर पावसात गाडी मिळून तो रुग्णालयात पोहोचेपर्यंत यातले निम्मे तास संपलेले असतात. अशा वेळी खाटेशेजारीच कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी) लावून दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह ताडून पाहता यावा, म्हणून छोटी रुग्णालये अपघात विभागासाठी पोर्टेबल मशीन घेऊ पाहतात आणि नोंदणीच्या कागदांत अडकतात.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की, मुलग्याच्या वृषणाच्या तपासणीचा आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचा संबंध काय. संबंध रुग्णाशी नसून मशीनशी आहे. ज्या मशीनने गर्भाचे लिंग कळू शकते असे प्रत्येक मशीन गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायदा, १९९४ याखाली नोंदवावे लागते. ‘आम्ही फक्त वरवरचे पाहणारा लिनिअर प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) घेतला आहे, पोटाचा घेतलाच नाही’ हा खुलासा उपयोगी पडत नाही, कारण त्याच मशीनला उद्या दुसरा प्रोब जोडता येतो. नोंदणी नसलेले मशीन सील होऊन जप्त होते. पूर्वी नोंदणी शुल्काच्या पाचपट रक्कम आणि हमीपत्र देऊन ते सोडवता येत असे, पण २०११च्या दुरुस्तीपासून ती सोय राहिलेली नाही, मशीन सरकारजमा होऊ शकते आणि कायद्यानुसार पुढची कारवाईही होते. विक्रेत्यालाही नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकता येत नाही. त्यामुळे ‘मशीन आधी घ्या, कागद मागाहून करू’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहणेच बरे.

अर्ज जिल्ह्याचे समुचित प्राधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नोंदणी देणारे अधिकारी, म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, ‘ए’ नमुन्यात, दोन प्रतींत करायचा असतो. सोबत लिंगनिदान करणार नाही आणि तसा फलक दर्शनी भागी लावू, अशा हमीचे प्रतिज्ञापत्र लागते. शुल्क डिमांड ड्राफ्टने भरायचे असते. नुसत्या सोनोग्राफी केंद्रासाठी ते २५,००० रुपये आहे, तर जनुकीय समुपदेशन, प्रयोगशाळा, सोनोग्राफी अशा सेवा एकत्र देणाऱ्या रुग्णालयासाठी ३५,००० रुपये. आपण कोणत्या गटात बसतो हे ड्राफ्ट काढण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे, कारण भरलेले शुल्क परत मिळत नाही.

खरी अडचण डॉक्टरांच्या पात्रतेची आहे. मशीन चालवणाऱ्याकडे सोनोग्राफी किंवा क्ष-किरणशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता, नाहीतर २०१४च्या नियमांनुसार घेतलेले सहा महिन्यांचे प्रशिक्षण असावे लागते. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र, ते कितीही नामांकित संस्थेचे असले तरी, या रकान्यात चालत नाही, आणि नेमके तेच सर्वांत जास्त अर्जांना जोडलेले दिसते. मग रुग्णालये बाहेरून येणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे नाव घालतात. मात्र २०१२च्या दुरुस्तीनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदवता येते, आणि आपल्याकडे रेडिओलॉजिस्ट मुळात इतके थोडे की त्यांच्या दोन्ही जागा बहुधा आधीच भरलेल्या असतात. म्हणून त्यांचे संमतिपत्र घेताना ‘सध्या कुठे नोंद आहे’ हे लेखी घ्यावे. तोंडी होकारावर भरलेला अर्ज त्रुटीपत्रासह परत येतो. शिवाय त्यांच्या कामाच्या वेळाही स्पष्ट नमूद कराव्या लागतात. अर्जात सकाळी दहा ते एक अशी वेळ लिहिली असेल तर पहाटे तीनला आलेल्या मुलासाठी त्या नोंदणीचा काही उपयोग नाही. रुग्णालयातच राहणाऱ्या एखाद्या डॉक्टरला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवून त्याचे नाव आपत्कालीन वेळेसह घालणे खर्चाचे आहे खरे, पण रात्री उपयोगी पडणारा मार्ग तोच आहे.

दुसरी अडचण ‘पोर्टेबल’ या शब्दातून येते. फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडला, तर असे मशीन ज्या जागेसाठी नोंदले त्याच जागेत आणि आंतररुग्णांसाठीच वापरता येते. अपघात विभागात आलेल्या मुलाच्या हाती बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर असतो. पाहणीला आलेले अधिकारी रजिस्टर उघडून पहिला आक्षेप यावरच घेऊ शकतात. तेव्हा प्रोब लावण्याआधी आपत्कालीन दाखल म्हणून आंतररुग्ण क्रमांक द्यावा, आणि अर्जासोबतच्या नकाशात सोनोग्राफीच्या खोलीबरोबर अपघात विभाग व अतिदक्षता विभागही दाखवावेत. शेजारच्या गावातल्या आपल्याच दुसऱ्या दवाखान्यात मशीन गाडीत घालून नेणे हा उघड नियमभंग आहे.

मुदतींचे गैरसमज तर जुनेच आहेत. रुग्णालय आधीपासून नोंदलेले असेल आणि फक्त नवे मशीन, नवे डॉक्टर किंवा जागा बदलायची असेल, तर पूर्वी बदलानंतर तीस दिवसांत कळवले तरी चालत असे. २०१२पासून ते बदलाच्या किमान तीस दिवस आधी कळवून नवे प्रमाणपत्र मागावे लागते. अनेक लिपिकांच्या टेबलावर अजून जुनीच छापील पुस्तिका असते, आणि तिच्या भरवशावर राहिलेल्या अर्जदारालाच नंतर खुलासा द्यावा लागतो. नव्या अर्जाचा निर्णय सत्तर दिवसांत व्हायला हवा. तो मोजता यावा म्हणून आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवावी. अर्ज नाकारला गेल्यास नव्वद दिवसांच्या आत पुन्हा सादर केला तर शुल्क पडत नाही, हे कार्यालयातून क्वचितच सांगितले जाते. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या तीस दिवस आधी द्यायचा असतो.

नोंदणी नाही किंवा पात्र डॉक्टर हजर नाही म्हणून मुलाला ताटकळत ठेवू नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. घट्ट लागणारे, सुजलेले, वर ओढले गेलेले वृषण, सोबत उलटी किंवा मळमळ आणि मांडीच्या आतून बोट फिरवल्यावर वृषण वर न उचलले जाणे, ही लक्षणे एकत्र दिसली की सोनोग्राफीची वाट न पाहता शल्यचिकित्सकाला बोलावणे हेच योग्य आहे. सुरुवातीच्या किंवा अर्धवट पिळात डॉपलरवर रक्तप्रवाह दिसूही शकतो. तेव्हा संशय पक्का असताना ‘सोनोग्राफी नॉर्मल’ एवढ्या शेऱ्यावर मुलाला घरी पाठवू नये. केवळ चित्र काढण्यासाठी त्याला आंबा घाटातून कोल्हापूरला किंवा सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवण्यात सहा तास सहज निघून जातात. जवळ शस्त्रक्रियेची सोय नसेल तर पाठवण्यावाचून इलाज नाही, पण मग निघण्याआधी तिथल्या शल्यचिकित्सकाला फोन करून मुलाला थेट त्यांच्याकडे पाठवावे.

नोंदणीनंतर ‘एफ’ नमुना फक्त गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी भरायचा असतो, वृषणाच्या सोनोग्राफीसाठी नाही. तरीही रजिस्टरमध्ये वेळ, आंतररुग्ण क्रमांक, तपासणीचे कारण आणि करणाऱ्या डॉक्टरांची सही ठेवावी. गरोदरपणातील तपासण्यांचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जायचा असतो. महिनाभर त्या मशीनवर एकाही गरोदर स्त्रीची तपासणी झाली नसेल, तरी ‘निरंक’ लिहून तो पाठवावा आणि पोच घ्यावी.