सागवानाच्या शेंड्यांवरचा वारा

‘सागाची लागवड कित्येक वर्षं नुसती उभीच असते. तिच्यात पवनचक्क्या लावल्या तर बिघडलं कुठे? झाडं खाली, पाती वर.’ नागपूरकडे पवनऊर्जेचा विषय निघाला की हा युक्तिवाद ठरलेला. विरोध करणारे तुटणारी झाडं मोजतात, बाजूने बोलणारे मेगावॉट मोजतात. झाडांवरून जाताना वाऱ्याचं काय होतं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत, आणि निम्मा निकाल तर तिथेच लागतो.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटरचा वारा ७ मीटरचा झाला की ऊर्जा जवळपास पावणेतीनपट होते. घट होतानाही हाच हिशेब लागू पडतो. वेग जरासा उतरला तरी वीज धाडकन उतरते. नागपूरचा वारा मुळात मंद आहे, जोर काय तो मे ते ऑगस्टमध्ये. राज्यातले मोठे पवनऊर्जा प्रकल्प साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला उभे राहिले ते उघड्या, उंच जागेवर भरपूर वारा मिळतो म्हणून. इथे मुळातच हात आखडता आहे, त्यामुळे सेकंदाला अर्धा मीटर गमावणंही परवडत नाही.

आता झाडांकडे येऊ. हवा जमिनीला घासून वाहते, म्हणून खाली तिचा वेग कमी आणि वर जास्त असतो. ही वाढ लॉगरिदमच्या नियमाने होते, म्हणजे सुरुवातीला भराभर आणि पुढे हळूहळू. दाट झाडी आली की या नियमात दोन बदल होतात. पहिला, वाऱ्याच्या लेखी जमीनच वर सरकते. ढोबळमानाने झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर ती आली असं धरतात. साग १८ मीटरचा असेल तर वाऱ्याची ‘जमीन’ १२ मीटरवर, आणि तुमचा १०० मीटरचा मनोरा ८८ मीटरचा. दुसरा बदल जास्त महाग पडतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणाही एका लांबीत मोजतात; ही लांबी जितकी मोठी तितका वारा मंदावतो. पिकाच्या मोकळ्या शेतात ती ५ सेंटिमीटरच्या आसपास असते, झाडीत झाडाच्या उंचीच्या साधारण दहावा भाग, म्हणजे इथे १.८ मीटर.

हिशेब करून पाहू. ३०० मीटर उंचीवर दोन्हीकडे वारा सेकंदाला ८ मीटर आहे असं धरा. मोकळ्या शेतावर १०० मीटर उंचीला ७ मीटरचा वारा मिळतो, सागवानावर ६.१ मीटरचा. घन केला की सुमारे एक तृतीयांश ऊर्जा गेली.

एवढ्यावर भागत नाही. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १२० मीटर असेल तर पात्याचं टोक ४० ते १६० मीटर उंचीत फिरतं. शेतावर या दोन टोकांना वारा ६.१ आणि ७.४ मीटर, सागवानावर ४.३ आणि ७ मीटर. म्हणजे प्रत्येक फेरीत पातं वर जाताना जोरात वाकतं आणि खाली येताना सैल पडतं. मिनिटाला १० फेऱ्या धरल्या आणि चक्की सतत फिरली तर वर्षाला असे ५२ लाख हेलकावे होतात. त्यात शेंड्यांवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांचे धक्के वेगळे. पात्याच्या बुडाशी तडे जाणं, बेअरिंग आणि गिअरबॉक्स मुदतीआधी खराब होणं ही त्याची किंमत.

मग चक्कीभोवतीची झाडं तोडली तर? मोकळ्या जागेचा परिणाम अंदाजे दर दहा मीटरला एक मीटर या गतीने वर चढतो. १०० मीटरपर्यंत तो पोहोचायला वारा येतो त्या बाजूला किलोमीटरभर रान साफ करावं लागेल. क्रेनसाठी तोडलेल्या पन्नास मीटरच्या चौकोनाने वाऱ्याला काहीच फरक पडत नाही. शिवाय लागवड वनजमिनीवर असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागतेच.

काटोल-नरखेडच्या संत्राबागांचं गणित निराळं आहे. पाच मीटरच्या झाडांनी ऊर्जा १६ टक्क्यांच्या आसपास घटते, ती सोसता येईल. बागेला खरा धोका रस्त्याचा. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं बसतात. क्रेनची जागा आणि अर्धा किलोमीटर रस्ता यांत पाऊण हेक्टर सहज जातं, म्हणजे दोनशे झाडं. ती निदान डोळ्यांना दिसतात. मुरूम टाकून उंच केलेला रस्ता पावसाळ्यात बांधासारखा पाणी अडवतो, हे मागाहून कळतं. काळ्या मातीत पाणी तुंबलं की डिंक्या येतो. खोडातून डिंक गळतो, साल कुजते आणि रस्त्यापासून दूरची चांगली झाडंही वाळतात. आडव्या मोऱ्या पाण्याचा उतार पाहून, पहिल्या पावसाआधी घालायला हव्यात.

जमिनीकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं, ते आयर्लंडमधल्या डेरीब्रायन इथे दिसलं. वनलागवड तोडून दलदलीच्या मऊ मातीवर पवनऊर्जा प्रकल्पाचं काम चालू असताना ऑक्टोबर २००३ मध्ये डोंगरउतारच घसरला, ओढे चिखलाने भरले आणि हजारो मासे मेले. पर्यावरणीय परिणामांचं रीतसर मूल्यमापन न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये आयर्लंडला ५० लाख युरोंचा दंड केला. पुढे तो प्रकल्प बंद पडला.

‘पवनचक्क्या ढग पळवतात’ ही समजूत मात्र चर्चेतून काढूनच टाकली पाहिजे. पात्याचं टोक १६० मीटरवर, पावसाळी ढगांचा तळ बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी वर, आणि ढगांचे थर कित्येक किलोमीटर जाड. नागपूरचा पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर ठरतो. असल्या आक्षेपाने खरे आक्षेप हलके पडतात.

गावाने मागायची गोष्ट म्हणजे मोजणी. मोजणीचा मनोरा जवळच्या उघड्या टेकाडावर नको, लागवडीतच हवा, आणि वेगमापक निदान ५०, ८० आणि १०० मीटरवर पूर्ण वर्षभर हवेत. फेब्रुवारी ते मे साग निष्पर्ण असतो, वारा फांद्यांतून बराचसा निघून जातो. जून-जुलैत वारा जोरात येतो नेमका तेव्हा हातभर लांबीची नवी पानं फुटलेली असतात. उन्हाळ्यातल्या चार महिन्यांच्या नोंदींवर वर्षाचा अंदाज बांधला तर तो फुगणारच.

नोंदींसोबत झाडांची त्या दिवशीची उंचीही लिहून घ्यावी. आज ८ मीटरचा साग चक्कीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात १८ मीटरचा झाला, तर याच हिशेबाने ऊर्जा आजच्यापेक्षा आणखी १५ टक्के उतरते. जमिनीचं भाडं विकलेल्या युनिटांवर ठरलेलं असेल, तर तेही तेवढंच उतरतं.