परीक्षा मुलाची, तयारी घराची

इंग्लंडमधल्या केंट काउंटीत दरवर्षी जूनच्या सुरुवातीला एक नोंदणी सुरू होते आणि जुलैच्या सुरुवातीला बंद होते. मूल तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचं असतं. त्याला ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेची, ‘इलेव्हन प्लस’ ही प्रवेशपरीक्षा द्यायची असेल, तर ही नोंदणी आईवडिलांनीच करायची. ही तारीख ज्या घरात कुणाला ठाऊकच नाही, तिथलं मूल चाळणीपर्यंतसुद्धा पोचत नाही. बकिंगहॅमशरमध्ये याच्या उलट आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतली मुलं आपोआप परीक्षेला बसतात, नको असेल त्यांनी तसं कळवायचं. परीक्षा त्याच धर्तीची, पण एका अर्जाने केवढा फरक पडतो!

१९४४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं आणि अकराव्या वर्षी याच परीक्षेने मुलं ग्रामर स्कूल आणि इतर शाळांत वाटली जाऊ लागली. बुद्धी बरीचशी जन्मजात असते आणि त्या वयात ती नीट मोजता येते, असा त्या काळी विश्वास होता. या विचाराचे मोठे पुरस्कर्ते मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट. १९७१ साली ते वारले आणि काही वर्षांतच, बुद्धी वारशाने येते हे दाखवायला त्यांनी जुळ्या मुलांची जी आकडेवारी दिली होती, तिच्यावर गंभीर संशय घेतला गेला. त्याआधीच, १९६५मध्ये, मजूर पक्षाच्या सरकारने ही विभागणी सोडायला सांगितलं होतं. तरीही इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल आजही आहेत. त्यांत देशातली जेमतेम ५ टक्के मुलं शिकतात.

कोणाची मुलं? २०१३च्या एका अभ्यासानुसार, गरिबीमुळे शाळेत मोफत जेवण मिळणारी मुलं ग्रामर स्कूलच्या नव्या प्रवेशांत ३ टक्क्यांहूनही कमी होती, आणि त्याच भागांत त्यांचं एकूण प्रमाण होतं सुमारे १८ टक्के. गरीब मुलं अभ्यासातच मागे असतील, असं कुणी म्हणेल. म्हणून संशोधकांनी इंग्रजी आणि गणित दोन्हींत वरची पातळी गाठलेलीच मुलं घेतली. त्यांच्यातली मोफत जेवणवाली ४० टक्के ग्रामर स्कूलमध्ये पोचली, बाकीची सुमारे दोन-तृतीयांश. मला वाटतं, सगळ्या वादात हा एकच आकडा पुरे आहे.

मग मधे काय घडतं? प्रश्नपत्रिकाच बघा. एक आकृती फिरत जाते, आतली टिंबं एकेक वाढतात, पुढची आकृती कोणती? असा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याचा निम्मा वेळ काय विचारलंय हे समजण्यातच जातो. पन्नासाव्यांदा पाहणाऱ्याचा हात आपोआप योग्य पर्यायावर जातो. (शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीची गाइडं ज्यांनी झिजवलीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.) सराव करून घ्यायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं, नाहीतर पैसे मोजून शिकवणी लावावी लागते.

२०१८मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जॉन जेरिम आणि सॅम सिम्स यांनी याच शिकवण्यांचा हिशेब मांडला. सरासरीपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या १० टक्क्यांहून कमी मुलांना प्रवेशपरीक्षेची शिकवणी होती, वरच्या पाव हिश्श्यातल्या घरांत सुमारे ३० टक्के. शिकवणी घेतलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के ग्रामर स्कूलमध्ये गेली, न घेतलेल्यांपैकी १४ टक्के. इथे जरा जपून. हा सगळा फरक शिकवणीचाच, असं म्हणता येत नाही. शिकवणी लावणारं घर पुस्तकंही आणतं, शाळेची चौकशीही करतं, तारखाही लक्षात ठेवतं. पण यातलं कोणतंही कारण धरा, ते मुलाच्या डोक्यात नाही, घरात आहे.

बकिंगहॅमशरने २०१३ साली नवी परीक्षा आणली, जिची शिकवणीने तयारी करता येणार नाही अशी अपेक्षा होती. शिकवण्या काही बंद पडल्या नाहीत. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळांनी वेगळी वाट धरली: गरीब मुलांसाठी काही जागा राखून ठेवल्या आणि त्यांच्यासाठी पात्रतेचे गुणही थोडे खाली आणले.

ही दुसरी वाट आपल्या ओळखीची आहे. १९८५-८६मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, त्यातलं एक अमरावतीला. नवोदयने किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी पहिल्यापासून बाजूला काढल्या. त्या जागांसाठी खेड्यातल्या मुलाची स्पर्धा शहरातल्या मुलाशी नाही. ती आता गावातल्याच, पण नवोदयचा क्लास लावलेल्या मुलाशी आहे.