आठवायला जोर लागतो, तेव्हाच शब्द रुजतो

'पर्सिव्हिअर' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ सोपा आहे: अडचणी आल्या तरी नेटाने चालू ठेवणे. उच्चारताना जोर शेवटी द्यायचा, पुढे बहुधा 'विथ' किंवा 'इन' येतं. पाच मिनिटांत पाठ. आणि दोन दिवसांनी बोलताना नेमका तोच शब्द सापडत नाही.

यात बुद्धीचा दोष नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून, तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. २० मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के, तर ३१ दिवसांनीही २१ टक्के. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, नंतर ती मंदावते.

मग यादी पुन्हा पुन्हा वाचावी का? जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. शब्द एकदा बरोबर आल्यावर काहींनी तो फक्त वाचत राहायचा, काहींनी स्वतःला विचारत राहायचा. आठवड्याने विचारणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसतं वाचणाऱ्यांना जेमतेम ३५ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल, याचा सगळ्या गटांचा अंदाज जवळपास सारखाच होता, निम्मे. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपल्याला फसवते.

म्हणून अर्थ झाकून आधी डोकं खाजवावं. उत्तर चुकलं तरी बिघडत नाही, लगेच बरोबर उत्तर पाहिलं म्हणजे झालं. शब्द थोडा विसरू द्यावा, मग आठवावा. पाठांतराच्या रात्रभराच्या मॅरेथॉनवर माझा मुळीच विश्वास नाही.

शिवाय झोपही हवी. नवा शब्द आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागाच्या आधाराने टिकतो. जुन्या शब्दांच्या जाळ्यात तो सावकाश शिरतो. निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ मध्ये 'कथीड्रल' (मोठं चर्च) या खऱ्या इंग्रजी शब्दासारखाच 'कथीड्रूक' असा बनावट शब्द शिकवून पाहिला. असे शब्द रात्री शिकून झोपलेल्यांमध्ये १२ तासांनी ते खऱ्या शब्दांशी स्पर्धा करू लागले, खरा शब्द ओळखायला किंचित उशीर होऊ लागला. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिलेल्यांमध्ये १२ तासांनी तसं काही दिसलं नाही. रात्रीच्या झोपेनंतर मात्र त्यांच्यातही ही स्पर्धा सुरू झाली.