पार्श्वभूमी : देशाला स्वभाव असतो का?

अमुक देशाचे लोक शिस्तीचे, तमुक देशाचे भावनाप्रधान, असे माणूस फार पूर्वीपासून म्हणत आला आहे. 18व्या शतकात याचे कारण हवामानात शोधले गेले, तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुलांच्या संगोपनात. तेही त्या देशात पाऊल न ठेवता, स्थलांतरितांच्या मुलाखती आणि चित्रपट यांवरून. आजचा वाद मात्र आकड्यांवरून आहे आणि तो 1967 ते 1973 या काळातल्या एका सर्वेक्षणापाशी जाऊन पोहोचतो.

एका बहुराष्ट्रीय संगणक कंपनीने देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यांवरून 1980मध्ये 40 देशांना व्यक्तिवाद, अधिकाराबद्दलची दृष्टी अशा निकषांवर गुण दिले गेले. वादाचा मुद्दा इथेच आहे : एका कंपनीचे नोकरदार हे सबंध देशाचे प्रतिनिधी कसे? समर्थक म्हणतात, कंपनी एकच, कामेही तीच, मग उरलेला फरक राष्ट्रीयत्वाचाच. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण हा कर्मचारी प्रत्येक देशात सामान्य माणसापासून सारख्याच अंतरावर आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. जिथे अशी नोकरी मूठभर उच्चशिक्षितांनाच मिळे, तिथे हे पटण्यासारखे नाही. पाकिस्तानातून पहिल्या फेरीत 37 आणि दुसऱ्या फेरीत 70 जणांची उत्तरे आली होती. तेवढ्यावर कोट्यवधींच्या देशाचे गुण ठरले, हे खटकायलाच हवे.

त्याहून मोठा घोळ हे गुण वापरणाऱ्यांनी घातला. समूहाची सरासरी व्यक्तीला लावता येत नाही, हे 1950मध्येच दाखवून झाले होते. अमेरिकेच्या 1930च्या जनगणनेत परदेशात जन्मलेले लोक जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी दिसे. प्रत्यक्षात निरक्षरता याच लोकांमध्ये अधिक होती. फक्त ते साक्षरता चांगली असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. कंपनीच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या अभ्यासकानेही हा इशारा दिला होता. पुढे अनेकांनी तो सोडून दिला आणि देशाचे गुण समोरच्या माणसाला चिकटवले.

2005मध्ये 49 संस्कृतींमधल्या एका अभ्यासाने आणखी एक समजूत मोडली. 'आमचे लोक असे असतात' ही लोकांच्या मनातली प्रतिमा आणि मोजलेले सरासरी स्वभावगुण यांचा मेळच बसेना.

म्हणून देशांमधले सगळेच फरक खोटे ठरत नाहीत. 1981पासून चाललेल्या मूल्य-सर्वेक्षणांत धर्माचे महत्त्व, अनोळखी माणसावरचा विश्वास यांबाबत देशादेशांत मोठी तफावत दिसते. ती स्वभावाची, की कायदा, उत्पन्न आणि शिक्षण यांची, यावर अजून एकमत नाही.